लेण्याच्या दारातील दंपती

'मिशनरी' हा शब्द कानांवर पडला की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एका चित्रात गावच्या चौकात उभा राहून अडखळत्या मराठीत व्याख्यान देणारा दाढीवाला साहेब असतो. दुसऱ्यात कौलारू दवाखाना असतो आणि त्याच्या पायऱ्यांवर खोकणाऱ्या, कण्हणाऱ्या माणसांची रांग. पहिल्या चित्रातल्या साहेबाशी आपल्या पणजोबांनी कडाडून वाद घातले आणि दुसऱ्या चित्रातल्या साहेबाच्या औषधाने त्यांचाच हिवताप उतरला. पण या दोन्ही चित्रांत एक माणूस हटकून राहून जाते. ते म्हणजे त्या साहेबाची मडम. ती सात समुद्र ओलांडून कशासाठी आली, इथल्या उन्हात तिला करमत होते का, नवऱ्याच्या कामात तिचा जीव होता की नुसता संसार, याची चौकशी आपण फारशी केली नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली म्हणून निदान एका धर्मोपदेशकाच्या घरातली चूल आपल्याला आतून दिसली. एरवी सगळा इतिहास व्यासपीठावरचा.

मी बोरिवलीला राहतो. सारी हयात शाळेत इतिहास शिकविण्यात गेली. आता सवड आहे आणि गुडघे अजून चालू आहेत, म्हणून या उपनगरांतल्या जुन्या जागा पुनःपुन्हा पाहत असतो. या भटकंतीत एक प्रश्न माझ्या मागे लागला. धर्माच्या कामासाठी परमुलखात जाणारी माणसे कोणती, हे ग्रंथांत सापडते. पण नवरा-बायकोने मिळून, आणि तेही नातवंडे खेळविण्याच्या वयात, घर सोडून परक्यांच्या सेवेला जावे आणि त्यात रमावे, हे केव्हापासून सुरू झाले? दिवाळीच्या दिवसांत, घरातली सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे एकत्र जमलेली असताना, घर सोडणाऱ्यांची गोष्ट सांगणे थोडे विसंगत वाटेल. पण ही गोष्ट घर मोडणाऱ्यांची नाही, हे वाचकांच्या लवकरच ध्यानात येईल.

आरंभ बराच जुना आहे. 'महावंस' या सिंहली ग्रंथात अशी हकीकत आहे की अशोकाच्या काळी, म्हणजे ख्रिस्तपूर्व २५० च्या आसपास, मोग्गलिपुत्त तिस्स या स्थविराने निरनिराळ्या देशांत धर्मदूत पाठविले. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, योन धम्मरक्खित आला. 'योन' म्हणजे यवन, ग्रीक. तेव्हा मुंबईच्या परिसरात आलेला नावानिशी ठाऊक असलेला पहिला मिशनरी हा परदेशी होता आणि बौद्ध होता, ही मौज लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसईजवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथला स्तूप उकरून त्यातला दगडी करंडक बाहेर काढला. त्याच यादीत आणखी दोन नावे आहेत, सोण आणि उत्तर. हे दोघे सुवर्णभूमीला गेले. ब्रह्मदेशातले लोक ही सुवर्णभूमी म्हणजे आपलाच देश असे मानतात. हे दोन दूत वाचकांनी मनात ठेवावेत. त्यांचे पुढे काम पडणार आहे.

हे सारे भिक्षू. विनयपिटकात अशी कथा आहे की बुद्धाने पहिल्या साठ शिष्यांना धर्म सांगायला पाठविले तेव्हा बजावले, दोघांनी एका वाटेने जाऊ नये. माणसे थोडी, वाटा पुष्कळ, असा त्यामागचा व्यवहार. जोडप्याला त्या यादीत जागाच नव्हती.

जोडपे मग कुठे होते? ते पाहायचे तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला जावे. शंभरावर लेणी, डोंगरभर खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या, बसायला दगडी बाके. इसवी सनाच्या आगेमागे सुरू झालेली ही वस्ती हजार वर्षे नांदती होती. तेथील मोठा चैत्य यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. त्याच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या दोन्ही अंगांना, स्त्रीपुरुषांच्या पुरुषभर उंचीहून मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत. पुरुषांचे भलेथोरले पागोटे, बायकांच्या पायांत जाड वाळे, आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी चांगले केले आहे असे समाधान. ही दात्यांची दांपत्ये असावीत असे अभ्यासक मानतात. आत स्तूपाशी भिक्षू. बाहेर दाराशी, धान्य, पैसा आणि पाणी पुरविणारे गृहस्थ नि गृहिणी. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशाच स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या स्त्रियाही आहेत. पण दाराच्या आतल्या कामात त्या जोडीने शिरलेल्या नाहीत.

पुढे दीड हजार वर्षांनी पोर्तुगीज आले तेव्हाही हेच. बोरिवलीच्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री येऊन राहिले. लेण्याचे त्यांनी देऊळ केले, आपल्या देवाचे. अंधेरीपलीकडे कोंडिवट्याला जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च बांधले. १८४० मध्ये साथीच्या भीतीने ते सोडून वस्ती मरोळला गेली. भिंती अजून 'सीप्झ'च्या आवारात उभ्या आहेत, आत छप्पर नाही आणि झाडे वाढली आहेत. तेथून हाकेच्या अंतरावर महाकालीची बौद्ध लेणी. एकाच टेकडीच्या परिसरात दोन धर्मांचे संन्यासी, दोघेही ब्रह्मचारी, दोघेही परक्या भाषा शिकून लोकांशी बोलणारे. जोडप्याचा मागमूस नाही.

जोडपी आली ती प्रॉटेस्टंट पंथाबरोबर, आणि त्यांची कहाणी सुरुवातीला तरी आनंदाची नाही. १८१२ साली अमेरिकेहून पहिली तुकडी हिंदुस्थानाकडे निघाली. तीत सॅम्युएल न्यूएल आणि त्याची नवपरिणीत बायको हॅरिएट होती. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यास थारा दिला नाही. बोटीवरच हॅरिएट बाळंत झाली, मूल गेले, आणि मॉरिशसला ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तीही गेली. वय एकोणीस. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि नॉट पतिपत्नी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि आपल्या अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. न्यूएल पुढे मुंबईस येऊन मिळाला, १८२१ मध्ये पटकीने वारला. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात त्याच रोगाने गेला. बायकामुले त्याआधीच अमेरिकेला गेली होती. हॅरिएटचे चरित्र तिकडे घरोघर वाचले गेले आणि ते वाचून आणखी मुली निघाल्या. मला हे वाचताना नेहमी धस्स होते. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मरणाचा असा उपयोग व्हावा, हे कोणत्याही धर्माला फारसे शोभत नाही.

त्यांच्यामागून १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि मार्गरेट विल्सन आले. विल्सन आपल्याला कॉलेजाच्या नावाने माहीत. मार्गरेटबाईंनी आल्या आल्या मराठी शिकून मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळी मुंबईत मुलीला पाटी देणे म्हणजे तिच्या नवऱ्याचे आयुष्य कमी करणे असा समज होता. सहा वर्षांत, १८३५ च्या एप्रिलात, त्या वारल्या. नवऱ्याने त्यांचे चरित्र लिहिले आणि स्वतः मुंबईतच राहून १८७५ मध्ये देह ठेवला. याच विल्सन साहेबांनी १८५० मध्ये पश्चिम हिंदुस्थानातल्या लेण्यांवर निबंध लिहिला. कान्हेरीच्या दारातली ती जोडपी पाहून त्यांना मार्गरेटबाईंची आठवण झाली असेल का? इतिहासात असल्या प्रश्नांना उत्तर नसते, पण विचारल्यावाचून राहवत नाही.

त्या काळच्या या संसारांत एकत्र म्हातारे होणे हा योग फार थोड्यांच्या नशिबी होता. पटकी, हिवताप, बाळंतपण, यांनी बहुतेकांचा हिशेब चाळिशीच्या आत मिटविला. तेव्हा 'उतारवयातली मिशनरी जोडी' ही कल्पना मुळातच नव्या काळाची आहे. औषधे सुधारली, प्रवास सोपा झाला, माणसे सत्तरीतही ताठ चालू लागली, तेव्हा ती शक्य झाली. आपल्याकडे 'मिशन' हा शब्दही तोवर मराठी झाला होता. १९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी अस्पृश्यांच्या सेवेसाठी संस्था काढली तिला लोक 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' म्हणूनच ओळखत. आणि अण्णासाहेब कर्वे महिला विद्यापीठासाठी जगाच्या फेरीला निघाले १९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. त्या वयात आपण साधे विरारला जायचे तर गर्दीची वेळ टाळतो.

आता या हकीकतीतल्या मुख्य जोडप्याकडे येतो. बोरिवलीच्या पश्चिमेला उतरून गोराईच्या खाडीवर जावे आणि पडावात बसावे. समोर खारफुटीच्या हिरव्या पट्ट्यावर सोन्याच्या रंगाचा एक प्रचंड घुमट दिसतो, रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या घाटाचा. याचे नाव 'ग्लोबल विपश्यना पॅगोडा'. तो ज्यांनी उभा करविला ते सत्यनारायण गोएंका आणि त्यांच्या पत्नी इलायचीदेवी.

गोएंका मूळचे मारवाडी घराण्यातले, पण जन्म १९२४ चा आणि ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. हो, तेच मंडाले, जिथे लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. तरुणपणीच ते रंगूनमधले बडे कारखानदार आणि तिथल्या हिंदी समाजाचे पुढारी झाले. पैसा होता, मान होता आणि अर्धशिशी होती. ती अशी भयंकर की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. युरोप, अमेरिका, जपान इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी १९५५ साली एका मित्राच्या सांगण्यावरून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कोणी भगव्या वस्त्रांतले साधू नव्हते. ब्रह्मी सरकारचे महालेखापाल होते, आणि ध्यान शिकवीत. नुसत्या डोकेदुखीसाठी येत असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोएंकांना प्रथम सांगितले. हिशेबखात्यातला माणूस, व्यवहार चोख. गोएंका दहा दिवस बसले, डोकेदुखी गेली, आणि ते चौदा वर्षे त्या गुरूपाशी शिकत राहिले. इलायचीदेवींनीही तिथेच ध्यानाची दीक्षा घेतली. घरात सहा मुलगे, मोठे कुटुंब, पाहुण्यांची वर्दळ. आणि त्यातून हे.

१९६२ मध्ये ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली. दोन वर्षांत कारखाने, पेढ्या, दुकाने सरकारजमा झाली आणि लाखो हिंदी माणसे नेसत्या वस्त्रांनिशी तिथून निघाली. त्या वेळच्या निर्वासितांना आपण पार विसरलो आहोत. गोएंकांचेही कारखाने गेले. पुढे ते सांगत की ओझे उतरल्यासारखे वाटले, आणि साधनेला वेळ मिळाला. श्रीमंत माणसाचे असे बोलणे मी एरवी मनावर घेत नाही. पण यानंतर त्यांनी जे केले ते पाहता घ्यावे लागते.

त्यांची आई मुंबईत आजारी होती. १९६९ च्या जूनमध्ये तिच्यासाठी मुश्किलीने परवाना मिळवून ते हिंदुस्थानात आले. एकटेच आले, इलायचीदेवी काही काळाने आल्या. ३ जुलै १९६९ रोजी मुंबईत पंचायतीवाडीच्या धर्मशाळेत पहिले दहा दिवसांचे शिबिर झाले. बसणारी माणसे मोजकी, त्यांत त्यांचे आईवडील. ऊ बा खिन यांची अशी श्रद्धा होती की बुद्धानंतर अडीच हजार वर्षांनी ही विद्या ब्रह्मदेशातून तिच्या माहेरी परत जाईल. वाचकांना सोण आणि उत्तर आठवत असतील. त्यांनी जे नेले ते परत आणणारा माणूस भिक्षू नव्हता. बायकामुलांचा धनी असलेला, पेढी बुडालेला व्यापारी होता.

पुढची दहा वर्षे रेल्वेचे डबे, धर्मशाळा, तंबू, शाळांच्या खोल्या अशी भटकंती चालली. १९७१ च्या जानेवारीत रंगूनला गुरू निवर्तले. १९७६ मध्ये इगतपुरीला 'धम्मगिरी' उघडले; नाशिककडे जाताना गाडीतून आपण तो सोनेरी कळस पाहतो. आणि १९७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, गोएंका पश्चिमेकडे निघाले. पहिले शिबिर फ्रान्समध्ये. इलायचीदेवींना त्यांचे विद्यार्थी 'माताजी' म्हणत. १९८२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्‌सला केंद्र झाले, मग ऑस्ट्रेलिया, मग इंग्लंड. हळूहळू शेकडो जागी.

येथे 'मिशनरी' हा शब्द वापरू नये, असे त्यांचे अनुयायी मला सांगतात. गोएंका स्वतः सांगत की मला कुणाला एका धर्मातून काढून दुसऱ्यात घालायचे नाही. माणसाला दुःखातून काढून सुखात घालायचे आहे, तेवढेच माझे धर्मांतर. २००० साली न्यूयॉर्कला राष्ट्रसंघात जगातल्या धर्मगुरूंची परिषद भरली तिथेही त्यांनी हाच सूर लावला. मला विचाराल तर शब्दावर भांडण्यात अर्थ नाही. शिकलेले परमुलखात जाऊन बिनमोल देणे, याला जगात दुसरे सुटसुटीत नाव नाही. बिनमोल हे मी शब्दशः म्हणतो. या शिबिरांना फी नाही, शिकविणाऱ्याला मानधन नाही. आधी बसून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचे जेवण चालते. कान्हेरीचा हिशेब यापेक्षा वेगळा नव्हता.

मला अधिक कुतूहल आहे ते इलायचीदेवींचे. ध्वनिचित्रफितींत गोएंका तासतासभर बोलतात, गोष्टी सांगतात, हसवितात, स्वतःचे दोहे खर्जातल्या आवाजात गातात. शेजारी माताजी बसलेल्या. डोळे मिटलेले, शब्द नाही. आजच्या वाचकांना, विशेषतः वाचक भगिनींना, हे खटकेल. मलाही खटकते. मार्गरेटबाईंना निदान मराठी शाळा होत्या, पत्रे होती. या बाईंचे स्वतःचे लिखाण माझ्या हाती लागलेले नाही. चित्रात त्या आहेत, कथेत नाहीत. पण शिबिरात बसून आलेल्या जुन्या बायकांना विचारले तर वेगळेच ऐकू येते. स्त्रियांना अडीअडचण विचारायची ती माताजींना. व्यासपीठावरून जे बोलले जाई त्यापेक्षा त्या दोन वाक्यांचा आधार जास्त वाटे. पुढे सहायक आचार्य नेमण्याची पद्धत पडली तेव्हा बायका आणि पुरुष दोघेही नेमले गेले, आणि पुष्कळदा जोडीने. पुरुषांना पुरुषाने, बायकांना बाईने मार्गदर्शन करावे असा दंडक असल्यामुळे नवराबायकोची जोडी ही तिथे अडचण राहिली नाही, सोय झाली. बुद्धाच्या साठ शिष्यांना दोघांनी एका वाटेने जाण्याची मनाई होती. इथे दोघांनी जाणे हीच कामाची रीत बनली.

२००२ साली तर या दोघांनी कमालच केली. गोएंका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, माताजी सत्तरी ओलांडलेल्या. चार महिन्यांहून अधिक काळ युरोप आणि उत्तर अमेरिकेचा दौरा. अमेरिका-कॅनडात हॉटेलात न उतरता घरगाडीतून प्रवास. गाडीतच झोपण्याची खाट, गाडीतच स्वयंपाकाचा ओटा, रात्री अशा गाड्यांच्या तळावर मुक्काम. एका गावी व्याख्यान, की लगेच पुढल्या गावी. ज्या वयात आपले सोबती औषधांच्या वेळा सांभाळून गॅलरीत बसतात, त्या वयात ही मारवाडी म्हातारा-म्हातारी अमेरिकेच्या महामार्गांवरून चालली आहेत, हे दृश्य मला त्या सोनेरी घुमटापेक्षाही मोठे वाटते.

घुमट मात्र पाहण्यासारखा आहे यात शंका नाही. जमीन सुभाषचंद्र यांनी दिली. राजस्थानातला जोधपुरी दगड, एकेक चिरा सहा-सातशे किलोंचा, एकमेकांत खाचा अडकवून रचलेला. मध्ये एकही खांब नाही. आतला व्यास २८० फूट, एका वेळी आठ हजार माणसे बसतील एवढी जागा. २००६ मध्ये बुद्धाचे अवशेष आत ठेवले आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. २०१२ मध्ये गोएंकांना पद्मभूषण मिळाले. २९ सप्टेंबर २०१३ रोजी ते मुंबईत वारले आणि २०१६ च्या जानेवारीत माताजीही गेल्या.

एवढे सगळे सांगूनही मूळ प्रश्न राहतोच. त्यात आनंद कसला? मोठ्या माणसांच्या आनंदाचा पत्ता लागणे कठीण. त्यांच्या चेहऱ्यावर तो असतोच असतो. म्हणून मी लहान माणसांकडे गेलो. मुलुंडला माझ्या परिचयाचे एक जोडपे आहे. गृहस्थ बँकेतून निवृत्त, वहिनी पालिकेच्या शाळेतून. मुलगी इंग्लंडात. आपल्या उपनगरांतल्या शेकडो घरांसारखेच हे घर. भिंतीवर नातवाचा फोटो, फळीवर दोन मोठ्या बॅगा कायमच्या तयार. दर एक-दोन वर्षांनी हे तिकडे जातात. आणि तिकडे गेले की दहा-बारा दिवस हेरफर्डशायर परगण्यातल्या केंद्रावर सेवेला जातात. शिकवायला नव्हे. शिबिराला बसलेल्यांचा स्वयंपाक करायला.

मी विचारले, "तिथं दिवस कसा जातो?"

"पहाटे चारला घंटा होते, सर," वहिनी म्हणाल्या. "साडेसहाला नाश्ता. ओटची लापशी आणि उकडलेली फळं. अकराला जेवण. शंभरावर माणसं. बायकांच्या राहण्याची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. एका छपराखाली काम करून आम्ही दोघं बोलायचो ते 'मीठ झालं का' आणि 'पातेलं सरकवा' एवढंच."

"आणि त्यात मजा यायची?"

त्या हसल्या. "चाळीस वर्षं संसार केला, पण हे कांदा इतका बारीक चिरू शकतात हे मला तिथं कळलं."

गृहस्थ ओशाळून म्हणाले, "घरी कुणी सुरी दिलीच नाही हो."

मग ते जरा गंभीर झाले. पहिल्या वेळी कमरेने त्रास दिला. थंडी अशी की सकाळी बोटे वळत नव्हती. तिसऱ्या दिवशी वाटले, आपण हे कशाला आलो. निवृत्तिवेतन आहे, मुंबईत घर आहे, आणि आपण परक्या देशात परक्यांसाठी गाजरे सोलतो आहोत. समोरची माणसे मौनात. जेवतात, मान खाली घालून जातात, 'छान झालंय' म्हणायचीही सोय नाही. "माझ्या हाताखाली बँकेत वीस माणसं होती," ते म्हणाले. "तिथं मला बावीस वर्षांचा एक पोर्तुगीज मुलगा सांगायचा, काका, हे भांडं पुन्हा घासा. 'काका' शब्द मीच त्याला शिकवला होता. दोन दिवस राग आला. मग एकदा भांडं घासताना लक्षात आलं की राग गेलाय आणि मी गुणगुणतोय. केव्हा गेला ते कळलं नाही."

दहाव्या दिवशी मौन सुटते. एक जाडजूड ट्रकचालक स्वयंपाकघराच्या दाराशी आला, काही बोलला नाही, नुसता उभा राहिला आणि डोळे पुसून गेला. "त्याला माझं नाव ठाऊक नव्हतं, मला त्याचं नव्हतं. अजूनही नाही," एवढेच ते म्हणाले.

मुलीला मात्र हे मुळीच आवडले नव्हते. येथे खरी अडचण होती, आणि ती त्या दोघांनी माझ्यापासून लपविली नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुम्हांला मी इतके पैसे खर्चून बोलावते ते चार दिवस आमच्याबरोबर राहावं म्हणून. माझ्या घरी भांडी घासायला यंत्र आहे, तिथं तुला हात लावू देत नाही मी. आणि तू तिकडं शंभर माणसांची ताटं धुतेस? लोक काय म्हणतील?" तिचे चूक होते असे मला वाटत नाही. दूर गेलेल्या मुलांना आईबाप फार थोडे मिळतात, आणि त्या थोड्यातलेही बारा दिवस कुणी नेले तर राग यावा. नातू पाच वर्षांचा; त्याने तर आजीशी अबोलाच धरला. वहिनींचे डोळे हे सांगताना भरून आले. "पहिल्या वर्षी तिथं रोज रात्री वाटायचं, उद्या निघावं. पण सर, घरी मी आई असते, आजी असते, सासूबाईंची सून होते. तिथं मी कुणाचीच कुणी नव्हते आणि तरी माझं काम पडत होतं. हे मला जन्मात पहिल्यांदा मिळालं. ते सोडवेना."

मला हॅरिएट न्यूएल आठवली. तिला परतीची बोट नव्हती, फोन नव्हता, एकोणिसाव्या वर्षी पर्याय म्हणून काही नव्हता. या दोघांच्या खिशात परतीचे तिकीट होते, विमा होता, मुलीचे घर तीन तासांवर होते. त्यांचा त्याग मोठा असे मी म्हणणार नाही, तेही म्हणत नाहीत. पण पर्याय असताना राहणे हीही एक वेगळीच गोष्ट आहे, आणि ती हॅरिएटच्या वाट्याला येऊच शकली नाही.

यंदाही दोघे जाऊन आले. या खेपेस मुलगी स्वतः गाडीने केंद्रापर्यंत सोडायला आली होती. आता नातू आठ वर्षांचा. आत यायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून फाटकाशी उभा राहून त्याने विचारले, आजोबा आत काय करतात?

"कांदा चिरतात," आजी म्हणाली.

"आणि तू?"

"मी त्यांनी नीट चिरलाय का ते बघते."

त्यावर तो मोठ्याने हसला, आणि आईचा हात धरून गाडीकडे गेला.